जावातल्या आडगावात, बायकोच्या नावावर, आयुष्यभराची पुंजी: करावं का?

कोरडवाहू (धागाकर्ता)

मंडळी, घरात यावर इतकी वादावादी झालीय की म्हटलं इथेच टाकावं.

मी मूळचा जत तालुक्यातला, नोकरी इंडोनेशियात, पश्चिम जावात कापड गिरणीत. बायको मध्य जावातल्या वोनोगिरी जिल्ह्याची, दक्षिणेकडच्या चुनखडीच्या डोंगरातलं गाव. सासरे घराशेजारचा तुकडा तिला देतायत. निवृत्तीनंतर तिथे घर बांधून राहायचं माझ्या मनात आहे. धाकटा भाऊ म्हणतो, "परक्या देशात, आडरानात, धड कागद नसलेल्या जमिनीवर घर? दादा, डोकं ठिकाणावर आहे ना?" गिरणीतले सहकारी त्याच्याही पुढे: चोऱ्यामाऱ्या, भूकंप, दवाखाना लांब, उद्या बायको गेली तर तुला कुत्रं विचारणार नाही.

माझं मत उलटं आहे. जिवाच्या सुरक्षिततेचं म्हणाल तर पुण्यातल्या गेटवाल्या सोसायटीपेक्षा हे गाव बरं. तिथे गेटवर एजन्सीचा पोरगा मोबाइल बघत बसतो. इथे रोज रात्री पाळीपाळीने गावचीच माणसं गस्त घालतात, तिला रोंदा म्हणतात. प्रत्येक दाराशी खिळ्याला प्लास्टिकचा पेला टांगलेला असतो. झोपण्याआधी त्यात चिमूटभर तांदूळ टाकायचे, हल्ली पाचशे इंडोनेशियन रुपियाचं नाणं टाकतात. मध्यरात्रीनंतर गस्तवाले टॉर्च मारत ते गोळा करतात आणि वहीत खूण करतात. ही जिंपितान. त्या पैशातून रस्त्यावरचा दिवा, कुणाच्या मयताचा मंडप असं काहीबाही होतं, पण खरा फायदा हा की रोज रात्री प्रत्येक दारापर्यंत कोणीतरी जाऊन येतं. आमच्या शेजारी एक म्हातारी एकटी राहते. पेला लागोपाठ रिकामा दिसला म्हणून दार वाजवलं, तर ती तापाने फणफणलेली.

चौकीत पोकळ ओंडक्याचं केंटोंगान टांगलेलं असतं. ठोके ठरलेले: दोन-दोन म्हणजे चोर, तीन-तीन आग, चार-चार पूर किंवा तसलं संकट, पाच-पाच म्हणजे गुरांची चोरी. माणूस मारला गेला तर एक-एक. सगळी बचत गोठ्यात बांधलेली असते, त्यामुळे गुरांना वेगळा ठोका.

बोला.

---

सातबारा

ठोक्यांची यादी आवडली. आता दोन ठोके पडल्यावर काय होतं तेही सांगा की राव.

जून 2024, तुमच्याच मध्य जावातलं पाती जिल्ह्यातलं सुकोलिलो. जकार्ताचा एक माणूस भाड्याने दिलेली आपली गाडी परत आली नाही म्हणून जीपीएसच्या मागावर तिथे पोचला. गाडी दिसली, जवळच्या किल्लीने उघडली. कोणीतरी "मालिंग!" म्हणून ओरडलं. मालिंग म्हणजे चोर. गावाने त्याला ठार मारलं, गाडी पेटवली, सोबतचे तिघे मरता मरता वाचले. स्वतःच्या गाडीचा चोर ठरला बिचारा.

तुम्ही ज्याला सुरक्षा म्हणता तो जमाव आहे. तुमच्या बाजूने आहे तोवर गोड.

---

फुफाटा

सातबारा, 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात काय झालं? मुलं पळवणारे समजून भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना ठेचून मारलं. म्हणून आपण महाराष्ट्रातल्या खेड्यात घर बांधायचं सोडलं का?

---

सातबारा

अहो, राईनपाड्यात मेलेले कोण होते? बाहेरून आलेले, भाषा वेगळी असलेले भटके. जावातल्या त्या गावात बाहेरून आलेला, बोली न येणारा कोण आहे? आमचे कोरडवाहू! उदाहरण तुम्हीच माझ्या बाजूने दिलंत.

---

कोरडवाहू

बोली येते हो, अगदी सासूबाईंशी बोलायची आदराची जावानीजसुद्धा, चुकतमाकत. आणि मी रात्री अनोळखी गावात गाडी उघडायला चाललेलो नाही. ज्याच्या लग्नात, मयतात, रस्तादुरुस्तीच्या श्रमदानात मी घमेलं उचललंय, तो मला चोर म्हणणार नाही. पातीत मारला गेलेला तो माणूस आधी गावच्या प्रमुखाकडे किंवा पोलिसांकडे गेला असता तर कदाचित वाचला असता. गावात शिरायची एक रीत असते.

---

निंबोणी

हीच "रीत" मला खटकते. मी पूर्व जावात नवऱ्याच्या नोकरीनिमित्त राहिले आहे. गल्लीच्या तोंडाशी पाटी असायची: चोवीस तासांपेक्षा जास्त राहणाऱ्या पाहुण्याने वर्दी द्यावी. वर्दी कुणाला, तर पाक एरटेला, म्हणजे दहावीस-पन्नास घरांच्या गटाचा प्रमुख. माझी बहीण आठ दिवस राहायला आली तर तिच्या पासपोर्टची झेरॉक्स द्यावी लागली.

ही घरांच्या गटांची पद्धत जपान्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या ताब्याच्या काळात आणली, लोकांवर नजर ठेवायला. जपानी गेले, पद्धत राहिली आणि पुढे हुकूमशहा सुहार्तोच्या राजवटीने ती मनसोक्त वापरली. धागाकर्त्यांना ती गस्त म्हणजे म्हातारीची काळजी वाटते. एकट्या राहणाऱ्या तरुण मुलीला विचारा. तिच्याकडे मित्र बसला असेल आणि दार लोटलेलं असेल, तर तीच गस्त दार ठोठावते आणि दोघांची वरात गावप्रमुखाकडे नेते. पेला रिकामा आहे हे ज्यांना दिसतं, त्यांना बाकीचंही सगळं दिसतं.

धागाकर्ते पुरुष आहेत, जावई आहेत, वयाने मोठे आहेत. त्यांना हे गाव सुरक्षित वाटणारच.

---

कोरडवाहू

निंबोणीताई, हे मान्य. माझ्या मुलीचंही हेच म्हणणं आहे, ती तिथे चार दिवसांच्या वर राहायला तयार नसते.

---

वकीलीणबाई

गस्त, ठोके, जमाव सगळं झालं, मालमत्तेकडे कुणी यायचं नाव घेत नाही. मी भारतात वकिली करते, पण इंडोनेशियन कुटुंबांची दोन-तीन प्रकरणं तिथल्या नोटरींबरोबर हाताळली आहेत, त्यामुळे एवढं सांगू शकते.

1960 च्या त्यांच्या जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, म्हणजे हाक मिलिक, फक्त इंडोनेशियन नागरिकाला. परदेशी माणसाला भाडेपट्टा किंवा हाक पाकाई, म्हणजे ठराविक मुदतीचा वापराचा हक्क. कुणा स्थानिकाच्या नावावर घ्यायची आणि आतून आपला करार करायचा, हे बालीत सर्रास चालतं. तो करार कायद्याने रद्दबातल आहे, वर जमीन सरकारजमा होऊ शकते. त्या वाटेला जाऊ नका.

बायकोच्या नावाचं तरी सोपं आहे का? त्यांच्या 1974 च्या विवाह कायद्यात लग्नानंतर कमावलेली मालमत्ता सामाईक. सामाईक म्हणजे अर्धी परदेशी नवऱ्याची, आणि परदेशी तर मालक होऊ शकत नाही. म्हणून परदेशी माणसाशी लग्न केलेल्या बायका स्वतःच्याच देशात जमीन घेताना अडत. लग्नाआधी करार केला असेल तरच सुटका. अशाच एका बाईच्या याचिकेवर घटना न्यायालयाने ऑक्टोबर 2016 मध्ये निकाल दिला की मालमत्ता वेगळी ठेवण्याचा करार लग्नानंतरही करता येतो.

वारसाहक्काने किंवा वडिलांच्या दानपत्राने आलेली जमीन सामाईक होत नाही, ती तिची एकटीची. पण त्याला लागून दोन गुंठे विकत घेतलेत की गुंता सुरू.

धागाकर्त्यांनी तीन गोष्टी सांगाव्यात. करार आहे का? सासऱ्यांच्या हातात नक्की कोणता कागद आहे? मुलीचं नागरिकत्व कुठलं?

---

कोरडवाहू

करार नाही. मुलगी इंडोनेशियन नागरिक. कागद म्हणजे गावच्या कचेरीतल्या "लेटर सी" वहीतला उतारा, सासऱ्यांच्या वडिलांच्या नावाचा.

---

सातबारा

हात्तिच्या! आजोबांच्या नावाचा उतारा! म्हणजे भावकी आलीच. जत काय न् जावा काय.

---

वकीलीणबाई

लेटर सी ही मुळात जमीन महसुलाची वही. कर कोण भरतो ते त्यावरून कळतं, मालकी सिद्ध होत नाही. 2021 च्या शासकीय नियमाने असल्या जुन्या कागदांना पाच वर्षांची मुदत दिली, त्यानंतर ते हक्काचा पुरावा म्हणून चालायचे नाहीत. म्हणजे फेब्रुवारी 2026 ची वेस. गावोगाव सरसकट मोजणी आणि नोंदणीची मोहीम 2017 मध्ये सुरू झाली. जावात त्यासाठी नागरिकाकडून दीड लाख रुपिया घ्यायचे असं 2017 मध्ये ठरलं, आपले हजाराच्या आत. 2023 मध्ये एका दिवसात दहा लाख हद्दीचे खुंट रोवायचा कार्यक्रमही झाला. तेव्हा सासऱ्यांना सांगा, आधी आजोबांकडून वारसनोंद, मग मालकीचा दाखला, मग दानपत्र. विटेचा विचार त्यानंतर.

---

मुक्काम पोस्ट

कागद कागद करताय सगळे. जकार्तात एका नामांकित अभिनेत्रीच्या आईच्या सहा मालमत्ता घरकामाच्या बाईने नोटरींना हाताशी धरून परस्पर फिरवल्या. 2021 मध्ये उघडकीला आलं, पुढच्या वर्षी शिक्षा झाल्या. शहरात, पक्क्या दाखल्याच्या जमिनी होत्या त्या! गावात उलट बांधाला बांध लागलेला माणूस साक्षीदार असतो. कोरडवाहू, खुशाल बांधा.

आणि सरकारी कागदाचं म्हणाल तर वोनोगिरीकरांना विचारा. गाजामुंकुर धरणात पन्नासच्या आसपास गावं गेली. 1976 च्या सुमारास हजारो कुटुंबं उचलून पश्चिम सुमात्रात सितियुंगला नेऊन वसवली, गावच्या गाव. आमच्या कोयनेच्या लोकांसारखंच. तिथे रोंदाही उपयोगी पडली नाही आणि वहीतला उताराही.

---

सातबारा

म्हणजे कागद असला तरी जाते आणि नसला तरी जाते, म्हणून बांधा? हे काय लॉजिक?

---

फुफाटा

मी स्थापत्यवाला, म्हणून माझी भुणभुण वेगळी. 27 मे 2006 चा योग्यकार्ता भूकंप, 5,700 च्या वर माणसं गेली. 6.3 चा म्हणजे अवाढव्य नव्हे. जीव घेतला तो विटांच्या भिंतींनी: कोपऱ्यात काँक्रीटचे खांब नाहीत, वर फिरणारा पट्टा नाही, त्यावर जड कौलं. ती पट्टी वोनोगिरीपासून काही लांब नाही. जुनी लाकडी जोग्लो घरं सांध्यात हलतात, पण डोक्यावर कोसळायला वेळ घेतात. निवृत्तीचा पैसा आला की माणूस पहिल्यांदा लाकूड काढून वीट चढवतो, प्रतिष्ठा म्हणून. चोरापेक्षा त्या भिंतीला घाबरा.

दुसरं पाणी. चुनखडीत पाऊस खाली निघून जातो. सप्टेंबरात टँकर. जतच्या माणसाला मी काय सांगणार म्हणा.

---

कोरडवाहू

टँकरचं बालपणापासून सवयीचं आहे. म्हणून तर नाव कोरडवाहू.

सगळ्यांचं वाचलं. वकीलीणबाईंचा क्रम पटला: वारसनोंद, दाखला, आम्हा दोघांचा करार नोटरीकडे, मग दानपत्र. घर लहान, लाकडी सांगाडा, पत्र्याखाली पावसाच्या पाण्याची टाकी. सगळी पुंजी घालायचा विचार सोडलाय, निम्मी सांगलीच्या बँकेतच राहील. भावाला एवढंच हवं होतं बहुतेक. सुरक्षिततेबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

---

वकीलीणबाई

एक राहिलं. बायको आधी गेली आणि वारसाने तुमच्याकडे काही आलं, तर वर्षाच्या आत ते नागरिकाच्या नावे करावं लागतं, नाहीतर हक्क संपतो. मुलगी इंडोनेशियन राहिली तर ती मालक आणि तुम्ही तिच्याकडून नोंदणीकृत हाक पाकाई घ्या. लेकीवर विश्वास असला तरी घ्या.

---

सातबारा

आणि सासऱ्यांची भावंडं? वारसनोंदीवर सगळ्यांच्या सह्या लागतील ना?

---

कोरडवाहू

चौघांपैकी तिघांच्या झाल्या. चौथे जकार्तात बाक्सोची, म्हणजे मांसाच्या गोळ्यांच्या सूपची, गाडी लावतात, फोनवर "हो हो" म्हणतात. ईदला गावी येतील तेव्हा बघू.

---

सातबारा

तोवर खुंट रोवून घ्या.