चमचा, हुजऱ्या आणि लांगूलचालन

प्रश्न : कारखान्याची निवडणूक लागली की कोल्हापुरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर एकाच माणसाला कुणी चमचा म्हणतं, कुणी हुजऱ्या. पेपरात त्याच धर्तीचं काहीतरी 'लांगूलचालन' होऊन येतं. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? मूळ काय त्यांचं?

उत्तर : एकाच अर्थाचे नाहीत. हुजऱ्या हा मुळात हुद्दा होता. अरबी 'हुजूर' म्हणजे समोर असणं. हजर, हजेरी त्याच घरातले. हा शब्द फारसीच्या वाटेनं दरबारी मराठीत आला आणि ज्याच्यापुढे हजर राहायचं त्या धन्यालाच हुजूर म्हणायला लागले. त्याच्या दिमतीला सतत उभा असणारा खासगीतला नोकर तो हुजऱ्या. पगारी काम, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. भवानी मंडपाजवळची हुजूर गल्ली अजून तशीच आहे, तिथला पत्ता सांगताना कुणी कचरत नाही. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. दरबारची नोकरी संपली, शब्द टोमण्यापुरता उरला.

खुशामतीची जन्मकथा तर अगदी सोज्वळ. फारसी 'खुश' आणि 'आमद', म्हणजे 'छान झालं आलात'. आपलं 'स्वागत' (सु + आगत) नेमकं असंच बनलंय. एकाच भावाचे दोन शब्द. एक लग्नाच्या कमानीवर गेला, दुसरा बदनाम झाला. हिंदीत शेवटी 'द' राहिला, मराठीनं त्याचा 'त' केला.

चमचा तुर्की, फारसीमार्गे आलेला. त्यामागचं '-गिरी'ही फारसीच. यापलीकडे त्यात फार काही नाही.

खरी गंमत लांगूलचालनात. लांगूल म्हणजे शेपूट. भर्तृहरीच्या नीतिशतकात श्लोक आहे, 'लाङ्गूलचालनमधश्चरणावपातम्' असा सुरू होणारा. घास देणाऱ्यापुढे कुत्रा शेपूट हलवतो, पायाशी लोळतो, उताणा पडून तोंड-पोट दाखवतो. हत्ती मात्र शांतपणे बघत राहतो आणि शंभर आर्जवं केल्यावर खातो. या आर्जवांना श्लोकात 'चाटु' म्हटलंय; चाटुकार शब्द त्यातलाच. म्हणजे तिथं खाणारा गप्प आणि गोड बोलायची पाळी भरवणाऱ्यावर!

आजच्या वापराकडे बघा. 'अमक्या गटाचं लांगूलचालन' हा आरोप सत्तेतल्या पक्षावर होतो, म्हणजे शेपूट वरच्यानं खालच्यापुढे हलवायचं. उलटं वाटतं, पण मताचा घास मतदाराच्या हातात असतो, तेव्हा शब्द चुकीचा नाही. मला मात्र तिथं 'अनुनय' जास्त सभ्य वाटतो. शेपूट म्हटलं की वाद पुढं सरकत नाही.

— सर, आमच्यात हरभऱ्याच्या झाडावर चढिवत्यात, ते ह्यात बसतंय का? आणि 'री ओढणं'?

उत्तर : हरभऱ्याचं झाड गुडघ्याएवढं. त्यावर चढवणाऱ्याला बहुतेक वेळा गंमत बघायची असते, कधी काम काढून घ्यायचं असतं. मिंधेपणा त्यात नाही. म्हणून तो हुजऱ्या नव्हे. री ओढणारा वेगळाच. शाहिराच्या मागं उभा राहून 'जी जी' करणारे झीलकरी आठवा. पोवाड्यात त्यांच्याशिवाय रंगच येत नाही, पण सभेत साहेबांच्या प्रत्येक वाक्यामागं तेच चाललं की त्याला आपण होयबा म्हणतो.

— आणि साहेब चमच्याला काय देतोय?

उत्तर : कोपराला गूळ. शाहूपुरीतल्या गुळाच्या पेठेत वाढलेल्यांना फोड करून सांगायला नको : वास येतो, जीभ पोचत नाही. सगळी खुशामत खालून वर जाते, वरून खाली येणाऱ्या गोडव्याला मराठीत एवढी नेमकी म्हण दुसरी मला तरी सापडलेली नाही. कुणाकडे असेल तर लिहा. गडहिंग्लज, चंदगडकडच्यांनी तर लिहाच, तिकडची बोली आमच्याहून वेगळी आहे.