आत्याच्या तोंडाचे फोटो जर्नलमध्ये छापायचे म्हणतात. सही करावी का?

सत्तरीची भाची

नमस्कार. माझी आत्या गोव्यात सत्तरी तालुक्यात वाळपईच्या जवळ एका गावात राहते. वय साठीच्या पुढे, काजूच्या हंगामात अजून बागायतीत जाते. मशेरीची सवय लग्नाच्या आधीपासूनची. गेल्या पावसाळ्यात तिला हुमण (माशांची आमटी) तोंडात घेतलं की डावा गाल आतून जळायला लागला, म्हणून नुसत्या पेजेवर राहू लागली. तेव्हा कुठे आम्हाला कळलं की दाढांच्या ओळीला गालाच्या आत पांढरट चट्टा आहे आणि तो पुसून जात नाही.

ज्या दंतवैद्यांकडे नेलं त्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोग नाही, पण पेशींमध्ये बदल सुरू झालेत, असा रिपोर्ट आला. मशेरी बंद करायला सांगितली आणि ठरावीक दिवसांनी दाखवायला बोलावतात. माणूस चांगला आहे, आत्याशी कोकणीतून सावकाश बोलतो. आमची काहीच तक्रार नाही.

आता ते म्हणतात, ही केस लिहून जर्नलला, म्हणजे डॉक्टरांच्या नियतकालिकाला, पाठवायची आहे. फोटो आधीच काढलेत, फक्त संमतिपत्रावर सही हवी. कागद इंग्रजीत, दोन पानी. आत्याने मला विचारलं, "म्हजें तोंड लोकांक कित्याक दाखोवचें?" मला उत्तर देता आलं नाही. तिला लाज वाटते, आणि त्याहून मोठी भीती म्हणजे नाही म्हटलं तर डॉक्टर नाराज होतील आणि पुढची तपासणी नीट करणार नाहीत. आम्ही काय करावं? आणि असं छापून आल्याने कोणाला खरंच काही उपयोग होतो का?

म्हापशाचा वाचक

माझं मत, सही करू नका. माझ्या वडिलांच्या जबड्याचा एक्स-रे एका परिषदेत भिंतीवर लावला होता. कोपऱ्यात नाव तसंच राहिलेलं. आम्हाला ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं. कोणी विचारलंही नव्हतं. तुमच्या डॉक्टरांनी निदान विचारलं तरी.

दंतवैद्य, डिचोली

ताई, आधी आत्याची भीती काढून टाका. उपचारासाठीची संमती वेगळी आणि छापण्यासाठीची वेगळी. छापायला नकार दिला म्हणून उपचारात तसूभरही फरक पडता कामा नये. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) नियमावली आणि वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांचे नियम, दोन्हींत संमती स्वेच्छेचीच लागते. हे डॉक्टरांच्या तोंडून आत्याला ऐकू द्या. चांगला डॉक्टर हे वाक्य आनंदाने म्हणेल.

दुसरं, इंग्रजी कागदावर सही नको. मराठीत किंवा कोकणीत लिहून मागा, नाहीतर कोणीतरी बसून ओळीओळीने समजावून सांगायला हवं, आणि समजावल्याची साक्षीदाराची सही हवी. मी माझ्या दवाखान्यात मराठी कागदच वापरतो. दोन पानांचं एक पान होतं आणि पेशंट प्रश्न विचारायला लागतात. तेच तर हवं असतं.

तोंडाच्या आतल्या फोटोत ओठ आणि नाक दिसत नसेल तर चेहऱ्यावरून ओळख पटत नाही. संपूर्ण चेहऱ्याचा फोटो असेल आणि डोळ्यांवर काळी पट्टी मारून भागवतो म्हणाले तर ऐकू नका. पट्टी पुरेशी नाही, असं संपादकांच्या नियमांतच लिहिलेलं आहे. पण ताई, आपल्याकडे खरा धोका मजकुरात असतो. "सत्तरी तालुक्यातील ६३ वर्षांची, काजू बागायतीत काम करणारी महिला" एवढं छापलं तर फोटोची गरजच नाही, सगळा वाडा ओळखेल. तेव्हा तालुका आणि काम दोन्ही वगळायला सांगा. "ग्रामीण गोव्यातील ज्येष्ठ महिला" म्हटल्याने विज्ञानाचं काही अडत नाही. पाठवण्याआधी मजकूर वाचून दाखवा म्हणावं, तो तिचा हक्क आहे.

एक गोष्ट सही करण्याआधीच कळलेली बरी. छापून येईपर्यंत संमती मागे घेता येते. एकदा नेटवर आलं की परत बोलावता येत नाही. आणि जर्नल मुक्त परवान्याचं असेल तर तो फोटो उद्या कोणीही पाठ्यपुस्तकात किंवा स्लाइडवर वापरू शकतो. हे आत्याला पटत नसेल तर नकार द्या, त्यात काही गैर नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे. उपयोग होतो का? होतो. आपल्या गोव्यातल्या बायकांच्या तोंडांनी यापूर्वी जगाला शिकवलं आहे. १९७६ साली 'इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये गोव्यातल्या ५,४४९ गावकऱ्यांची पाहणी छापून आली. विषय होता उलटी धुमटी, म्हणजे पानात वळलेली तंबाखू पेटतं टोक तोंडात धरून ओढणं. त्या सवयीने टाळूवर काय होतं, हे कोणीतरी घरोघर जाऊन टॉर्च लावून पाहिलं आणि लिहून ठेवलं, म्हणून आज आम्ही जुन्या बायकांची टाळू न विसरता बघतो. केरळात त्रिवेंद्रम जिल्ह्यात तर १३ पंचायतींत १,९१,८७३ लोकांवर मोठा प्रयोग झाला. निम्म्या भागात प्रशिक्षित आरोग्यसेवक लोकांचं तोंड उघडून नुसतं बघत होते, काही दिसलं की डॉक्टरकडे पाठवत. २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये निकाल आला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. नुसतं नीट बघण्याने! त्या प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी लाज बाजूला ठेवून तोंड उघडलेलं आहे.

एका केसचं वजन एवढं नसतं, हे खरं. पण मशेरीचा चट्टा सुरुवातीला कसा दिसतो, कुठल्या जागी येतो, सवय सोडल्यावर काय होतं, हे लिहिलेलं एखाद्या नव्या डॉक्टरच्या डोळ्यांसमोर असलं तर तो तो चट्टा वेळेत ओळखेल.

एमडीएसची विद्यार्थिनी

सरांच्या म्हणण्यात जर्नलबद्दल थोडं घालते. कुठल्या जर्नलला पाठवणार हे विचाराच. बऱ्याच मोठ्या जर्नलांनी केस रिपोर्ट घेणं बंद केलंय, कारण त्यांचे संदर्भ कोणी फारसे देत नाही आणि जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा, खाली येतो. मग डॉक्टरांना रोज मेल येतात, "आदरणीय सर, आठवड्यात छापू, एवढे डॉलर भरा." तिथे तज्ज्ञ कोणी वाचतच नाही. अमेरिकन ग्रंथपाल जेफ्री बील यांची संशयास्पद प्रकाशकांची यादी २०१७ ला बंद झाली, यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य जर्नलांची 'केअर' यादीही २०२५ ला गेली. त्यामुळे आता प्रत्येक जर्नल स्वतःच तपासावं लागतं. डीओएजेमध्ये (मुक्त जर्नलांच्या ऑनलाइन सूचीत) आहे का, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, जुने लेख उघडतात का. छपाईचे पैसे लागले तर ते लेखकाने भरायचे, पेशंटकडून एक रुपयाही नाही.

अजून एक. केस रिपोर्टसाठी २०१३ पासून 'केअर' नावाची मार्गदर्शक यादी आहे (यूजीसीच्या यादीशी संबंध नाही). त्यात रुग्णाने स्वतःच्या शब्दांत आपला अनुभव सांगायची जागा आहे. बहुतेक लेखक ती रिकामी ठेवतात. आत्यांनी डॉक्टरांना सांगावं, ती जागा मला हवी. मशेरी का सुरू केली, सोडताना काय झालं, जेवणाचं काय झालं, हे त्यांच्याच तोंडून यायला हवं.

सत्तरीची भाची

तुम्हा सगळ्यांचे आभार. सगळं आत्याला वाचून दाखवलं. तालुका काढणार असतील आणि तिचं बोलणं छापणार असतील तर सही करते म्हणाली. डॉक्टरांना फोन केला, ते मराठी कागद करून देणार आहेत. एक अडचण राहिलीच. मशेरी अजून पूर्ण सुटलेली नाही. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणते.

दंतवैद्य, डिचोली

हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईचं कारण आहे, आणि ते खोटं नाही. निकोटिनने आतडी हलतात. सवय सुटली की काही दिवस त्रास होतो, मग शरीर जुळवून घेतं. तोवर सकाळी कोमट पाणी, पपई, वरून चालणं. डॉक्टरांना सांगून थोडे दिवस सौम्य औषध घेता येईल. सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११२-३५६ मोफत आहे, तुम्ही लावून द्या आणि तिला बोलू द्या. भारतात ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना समजावून सांगण्याचा एक प्रयोग झाला, १९८६ ला 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्यांना समजावलं त्यांच्यात सवय सोडणारे जास्त निघाले आणि नवे पांढरे चट्टे कमी. म्हणजे या वयातही सोडण्याचा फायदा आहे.

आणि चट्ट्यात लाल भाग दिसला, गाठ लागली किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण झाला, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच आठवड्यात घेऊन जा. डॉक्टर सुट्टीवर असतील तर थेट बांबोळीला दंत महाविद्यालयात न्या, जुना बायोप्सी रिपोर्ट बरोबर ठेवा.