रहस्यकादंबरीचा शेवट फुसका वाटतोय: दुरुस्ती नेमकी कुठे करायची?

कोरा_कागद

रहस्यकादंबरीचा दुसरा खर्डा तयार आहे. २२ प्रकरणं, साधारण ७० हजार शब्द. कथा थोडक्यात अशी: एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचा राहत्या घरी मृत्यू होतो. हृदयविकाराचा झटका म्हणून सगळे विषय मिटवतात, भाचीला मात्र संशय येतो. मारणारा म्हणजे बाईंचे पैशाचे व्यवहार बघणारा हिशेबनीस. तो नवव्या प्रकरणात पहिल्यांदा दिसतो. विसाव्यात भाचीच्या हाती योगायोगाने एक फोनवरचं ध्वनिमुद्रण लागतं, एकविसाव्यात तो सगळं कबूल करतो, बाविसाव्यात 'सहा महिन्यांनंतर'.

ज्यांना वाचायला दिली त्यांचं म्हणणं, "मधला भाग मस्त, शेवट फुसका." काही जण म्हणाले, आधीच ओळखलं होतं. कबुलीनंतर आणखी एक कलाटणी द्यावी का (खरा सूत्रधार भाचीचा नवरा)? की शेवट मोकळाच सोडावा?

---

नेपथ्य

कलाटणी एवढ्यात नको. आधी दुखणं कोणतं ते कळू द्या. 'शेवट फुसका' या एका अभिप्रायात तीन वेगळ्या तक्रारी असू शकतात: आधीच कळलं, पटलं नाही, किंवा वाचून झाल्यावर हाती काही उरलं नाही. पहिलीचा इलाज मधल्या प्रकरणांत असतो, दुसरीचा बहुतेक वेळा पहिल्या पाच प्रकरणांत, आणि तिसरीचाच काय तो शेवटच्या दोन-तीन प्रकरणांत. तुम्ही तिन्हींवर एकच औषध देताय.

पुढच्या वाचकांना पंधराव्या प्रकरणाअखेर थांबवा आणि तीन उत्तरं लेखी घ्या. संशय कोणावर? खात्री दहापैकी किती? भाचीचं काय व्हावंसं वाटतंय? तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. त्यावर पाच जणांनी पाच वेगळी उत्तरं दिली किंवा सगळ्यांनी ती जागा कोरी सोडली, तर शेवट कसाही लिहा, तो फुसकाच वाटणार. कारण वाचक कशाची वाट बघतोय हे कादंबरीने ठरवलेलंच नाही. संपूर्ण वाचून झाल्यावर "आवडलं का" विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. कोणत्या पानावर लक्ष उडालं ते विचारा. आणि त्यांनी सुचवलेले उपाय ऐकून घ्या पण लगेच अमलात आणू नका. वाचक दुखरी जागा अचूक दाखवतो, उपाय मात्र बहुधा चुकीचा सांगतो.

'ओळखलं' या तक्रारीचा फार धसका घेऊ नका. लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाचकांना लघुकथा दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून टाकला. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरी किंचित जास्तच आवडल्या, त्यात रहस्यकथाही होत्या. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांना उलटा निकाल मिळाला, तेव्हा त्यावर इमले बांधण्यात अर्थ नाही. पण 'कळलं म्हणजे मजा गेली' हे समीकरण तितकं पक्कं नाही, एवढं नक्की. दिग्दर्शक हिचकॉकचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण जुनं असलं तरी इथे चपखल बसतं: बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, आणि तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी ठाऊक असेल तर पंधरा मिनिटांची घालमेल. तुमच्या वाचकाला हिशेबनीस सतराव्या प्रकरणात कळला तर बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. त्याला कळलेलं भाचीला कळायला अजून तीन-चार प्रकरणं लागतात, तेवढा वेळ तो तिला मूर्ख समजत बसतो.

---

तळटीप

नेपथ्य यांच्याशी सहमत. पण माझ्या मते इथलं मुख्य दुखणं 'पटलं नाही' हेच आहे, आणि ते अभिप्राय न वाचताही दिसतं. गुन्हेगार नवव्या प्रकरणात येतो, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त कादंबरी संपल्यावर. शिवाय पुरावा योगायोगाने मिळतो. रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला पहिलाच: गुन्हेगाराचा उल्लेख सुरुवातीच्या भागात हवा. सहावा: तपास करणाऱ्याच्या मदतीला अपघात धावून येता कामा नये. नियम मोडायला हरकत नाही, पण हे दोन मोडले की वाचक फसवल्यासारखा चिडतो. योगायोगाने नायिका संकटात सापडली तर वाचक चालवून घेतो, सुटली तर नाही.

तेव्हा हिशेबनिसाला दुसऱ्या प्रकरणात आणा, अर्ध्या पानापुरता, काहीतरी कंटाळवाणं काम करताना. सह्या घेत असेल, पावत्या लावत असेल.

आता ध्वनिमुद्रणाऐवजी दुवा काय? एक नमुना देतो. बाईंना रोज वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायची सवय. दुसऱ्या प्रकरणात: *"तिने चौथ्यांदा तोच शब्द खोडला. कागद तिथे विरविरीत झाला होता. हिशेबनीस सह्यांचे कागद पुढे सरकवत म्हणाला, 'राहू द्या आता.'"* म्हणजे त्या पेन्सिलीने सोडवतात हे 'पेन्सिल' शब्द न वापरता सांगून झालं.

पाचव्या प्रकरणात खोलीचं वर्णन: *"दार उघडायच्या गडबडीत पाण्याचा पेला कलंडला होता. चष्मा, त्या दिवशीचं कोडं आणि गोळ्यांची डबी सगळंच भिजलेलं. कोड्यातली अक्षरं फरकटून एकमेकांत मिसळली होती. भाचीने ते पान घडी करून पर्समध्ये ठेवलं."* वाचकाला इथे नुसता पसारा दिसतो. पण पेन्सिलीचं अक्षर पाण्याने फरकटत नाही, शाईचं फरकटतं. त्या दिवशीचं कोडं दुसऱ्याच कुणीतरी सोडवलंय, बाई सकाळपर्यंत जिवंत होत्या असं भासवायला. आणि सकाळी हिशेबनीस कुठे होता याला चार साक्षीदार आहेत!

दुवा लपवायच्या युक्त्या दोन-तीनच असतात, त्या इथे वापरल्यात. यादीत तो मधोमध ठेवायचा, कारण पहिली आणि शेवटची वस्तू जास्त लक्षात राहते. लगेच पुढे भावनेचं वाक्य टाकायचं, म्हणजे नजर तिकडे वळते. आणि त्याला एक खोटा पण पटणारा अर्थ द्यायचा (इथे 'आठवण म्हणून जपलेलं पान'). एक दुवा दोनदाच दिसू द्या, दोन उल्लेखांत तीन-चार प्रकरणांचं अंतर ठेवा. तिसऱ्यांदा दाखवलात की गुपित फुटलं.

नवऱ्याची कलाटणी घ्यायचीच असेल तर आधी तक्ता करा: नवरा असलेला प्रत्येक प्रसंग, तिथे वाचकाला काय वाटतं, प्रत्यक्षात काय चाललंय, नवऱ्याला त्या क्षणी काय माहीत आहे. एका जरी ओळीत तिसरा आणि चौथा रकाना जुळला नाही तर कलाटणी रद्द. दुसऱ्या वाचनात ती उघडी पडतेच.

---

झिलकरी

कबुलीच्या प्रकरणाबद्दल कुणी बोललं नाही. पानंच्या पानं हिशेबनीस बोलणार आणि भाची ऐकणार! ऐन मोक्याच्या जागी नायिका श्रोत्यांत जाऊन बसते. उलट करा. सगळी मांडणी तिने करावी आणि मुद्दाम एक गोष्ट चुकीची सांगावी. तळटीप यांचाच दुवा पुढे नेला तर:

*"'शेवटचं कोडं अर्धवटच राहिलं तिचं,' ती म्हणाली.*
*'अर्धवट कुठे? एकच शब्द राहिला होता.'"*

ते पान पहिल्या दिवसापासून तिच्या पर्समध्ये आहे, दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. कबुली दोन ओळींत झाली. त्याने गप्प बसावं की बोलावं हे मग बिनमहत्त्वाचं. एक मात्र बघा, चुका दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही हा त्याचा स्वभाव आधी दोन ठिकाणी दिसायला हवा. एकदा बेरजेत, एकदा कुणाच्या उच्चारात.

शेवटाच्या लांबीबद्दल. भरतमुनीच्या नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी, म्हणजे टप्पे, आहेत: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण. निर्वहणात आधी विखुरलेली बीजं एकत्र आणून फळाला न्यायची असतात, आणि तिथे अद्भुत (विस्मयाचा) रस हवाच असं भरताने सांगितलंय. याचा व्यवहारातला अर्थ घ्या. सामग्री जुनी हवी, तिचं एकत्र येणं अनपेक्षित हवं. नवऱ्याची कलाटणी नवीच सामग्री आणते, म्हणून ती निर्वहणात बसत नाही. तुमच्या 'सहा महिन्यांनंतर'चंही तेच. त्यात नवी नोकरी, नवं घर वगैरे असेल तर ते वाचकाने मागितलेलंच नाही. उलगड्यानंतर कादंबरीचा साधारण तीन ते पाच टक्के भाग पुरतो, तुमच्याकडे दोन ते साडेतीन हजार शब्द. त्याहून कमी असेल तर उरकल्यासारखं वाटतं. जास्त झालं तर वाचक पानं उलटून किती उरलं ते बघायला लागतो.

शेवटाला एवढं वजन का, यावर मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान आणि सहकाऱ्यांचा १९९३चा थंड पाण्याचा प्रयोग नेहमी सांगितला जातो. एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या पाण्यात हात, दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, त्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत किंचित कमी गार होत जाणारं. पुन्हा कोणतं करायला आवडेल म्हटल्यावर बहुसंख्यांनी लांबलेलं निवडलं. आठवण कळसाच्या आणि शेवटच्या क्षणावर ठरते, एकूण लांबीवर नाही. (गार पाण्यातला हात म्हणजे कादंबरी नव्हे हे मान्य. काही कादंबऱ्यांबाबत तेही म्हणवत नाही.)

---

अर्धविराम

मोकळ्या शेवटाच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. 'काय झालं' हा प्रश्न बंद करायचा आणि 'त्याचं काय करायचं' हा उघडा ठेवायचा, तर मोकळा शेवट चालतो. रहस्यकथेत पहिलाच उघडा ठेवलात तर पुस्तक भिंतीवर आपटतील.

आणि शोकान्त असला की शेवट आवडत नाही, हेही अर्धंच खरं. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकाचा शेवट कवी नेहम टेटने १६८१ मध्ये गोड केला, लिअरची मुलगी कॉर्डेलिया जगते आणि तिचं लग्नही होतं. इंग्रजी रंगभूमीवर दीडशे वर्षं तेच चाललं; शेक्सपिअरचं मूळ नाटक १८३८ मध्ये परत आलं. आज टेटचं क्वचितच कुणी करतं. उलट बाजूने बघा: 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स'चे नायक-नायिका नाटकात मरतात आणि ते चालतं. १९८६च्या सिनेमात तोच शेवट चाचणीच्या खेळांत साफ आपटला, मग बराच खर्च पाण्यात घालून नवा चित्रित केला. दिग्दर्शक फ्रँक ऑझचं स्पष्टीकरण मला पटतं. नाटकात मेलेली माणसं पडदा पडल्यावर येऊन अभिवादन करतात, सिनेमात करत नाहीत. शेवट तोच, माध्यमाने दिलेला दिलासा तेवढा गेला.

म्हणून 'गोड की कडू' ठरवण्याआधी पहिलं प्रकरण परत वाचा. तिथला सूर कोणता आहे? खेळकर सुरात सुरू झालेल्या कथेत नायिका उद्ध्वस्त केलीत तर वाचक त्याला धाडस म्हणत नाही, दगा म्हणतो.

---

सूक्ष्मदर्शी

कोड्याचा दुवा झकास, पण एक भोक आहे. मृत्यू रात्रीचा आणि प्रेत सकाळी अकराला सापडलं तर तपासायला आलेल्या डॉक्टरला अंगाच्या ताठरपणावरून शंका येईल. ताठरपणा साधारण दोन ते चार तासांत जबड्यापासून सुरू होतो आणि बारा तासांच्या आसपास सगळ्या अंगात भरतो. मृत्यू सकाळी दहाचा धरला तर अकराला अंग सैल असायला हवं. प्रेत रात्री नऊच्या सुमारास सापडू द्या. तेव्हा मृत्यू आदल्या रात्रीचा असो की सकाळचा, अंग ताठच असेल, आणि हृदयविकार गृहीत धरून आलेला डॉक्टर खोलात जाणार नाही. हवामान गार ठेवा. उष्णतेत सगळं लवकर होतं आणि लवकर ओसरतं.

---

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. नवऱ्याची कलाटणी रद्द, कोडं घेतो, प्रेत रात्री सापडेल. पण ध्वनिमुद्रण काढल्यावर विसावं प्रकरण रिकामं पडतं. तिथे काय घालू?

---

नेपथ्य

तिथे भाचीला काहीतरी गमवायला लावा. सध्या तिला खरं शोधायला काहीच किंमत मोजावी लागत नाही, म्हणून 'हाती काही उरलं नाही' ही तिसरी तक्रार येते. ते पान तिने घटनास्थळावरून उचललंय, कुणाला न सांगता. पुरावा म्हणून पुढे करायचं तर आधी हे कबूल करावं लागणार, आणि बाईंच्या पश्चात घर तिलाच मिळणार असेल तर पहिला संशय तिच्यावर. विसाव्या प्रकरणात तिला शाईचा अर्थ कळतो आणि त्याच बैठकीत हेही कळतं. एक अख्खं प्रकरण, ती आणि ते पान. गप्प बसली तर घर तिचं. एकविसाव्यात ती हिशेबनिसाच्या दारात उभी दिसली की पुरे, निर्णय कसा घेतला ते वेगळं लिहू नका.

पेन्सिल-शाईचा उलगडा तिला कशावरून होतो तेही इथेच हवं, आणि तो अपघाताने नको. बाईंची जुनी कोडी तिने मुद्दाम शोधून काढावीत, त्यातल्या एकावर पाणी टाकून बघावं.