लॉस एंजेलिसच्या ओल्वेरा स्ट्रीटवरचं ते भित्तीचित्र इतकं पुसट का?

भटक्या_एलए: परवा आईबाबांना घेऊन गेलो होतो, गच्चीवरनं मेक्सिकन चित्रकार सिकेरोसचं 'अमेरिका ट्रॉपिकल' बघितलं. २०१२ला एवढा गाजावाजा करून खुलं केलं म्हणे, पण बाबा म्हणाले हे तर पुसटच आहे, मग रिस्टोअर काय केलं? मला उत्तरच देता येईना.

चित्रवेडी: अरे मुद्दाम तसंच ठेवलंय! १९३२ला काढायला सांगणाऱ्यांना हवं होतं हिरवंगार जंगल वगैरे, आणि या पठ्ठ्याने शेवटच्या रात्री मधोमध क्रुसावर बांधलेला आदिवासी माणूस अन् वर अमेरिकन गरुड काढला, मग काय, काही वर्षांत पांढरा रंग फासून सगळं गायब. गेटीवाल्यांनी (कलाकृती जतन करणारी संस्था) ते साफ केलं, सुटलेला गिलावा पक्का केला, पण नवा रंग भरला नाही. जुने फोटो आहेत ते ब्लॅक अँड व्हाइट, मग रंग अंदाजपंचे भरणार का?

गप्पिष्ट: +१. आणि खुलं केलं ते ९ ऑक्टोबरला, अनावरणाला बरोबर ८० वर्षं झाली त्या दिवशी. ज्याचं तोंड झाकलं त्याचाच वाढदिवस, भारीच 😄

भटक्या_एलए: बाबांना वाचून दाखवलं, म्हणतात परत जाऊ. पार्किंगचे पैसे आता तेच देणार.