आठवीला पॅसिव्ह व्हॉइस प्रकल्पातून घ्यायचा आहे, सुचवा

खडूफळा
मराठी माध्यम, इयत्ता आठवी, पट 40, तासिका 35 मिनिटांची. शाळा कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात. 'चेंज द व्हॉइस'चे प्रश्न मुलं सूत्र लावून सोडवतात, पण स्वतःहून लिहायला सांगितलं की त्या रचनेचं एकही वाक्य येत नाही. सहा तासिकांत बसेल असा प्रकल्प हवा आहे. तक्ता रंगवून भिंतीला लावायचा नको.

ऊसपट्टा
ताई, करवीरात आहात तर गुऱ्हाळच घ्या. प्रकल्प निवडताना एक कसोटी लावा : ती रचना न वापरता काम पुरं होत असेल, तर तो व्याकरणाचा प्रकल्प नव्हे. 'माझं गाव' दिलंत तर मुलं पॅसिव्ह टाळून दोन पानं लिहितील. गूळ कसा होतो हे सांगताना मात्र ऊस कोणी तोडला याला महत्त्व नसतं, उसाचं पुढे काय होतं याला असतं. तिथे ही रचना लागतेच.

पहिल्या तासिकेला इंग्रजी आणूच नका. मुलांकडून मराठीत काढून घ्या : ऊस तोडला जातो, चरकात गाळला जातो, रस काहिलीत (मोठ्या पसरट कढईत) ओतला जातो, भेंडीचं पाणी घातलं जातं, मळी काढली जाते, पाक वाफ्यात (निवायच्या पसरट जागेत) ओतला जातो, ढेपा बांधल्या जातात. मग फळ्यावर 'तोडला' आणि 'जातो' यांच्यामध्ये उभी रेघ मारा. 'तोडला' म्हणजे क्रियापदाचं तिसरं रूप, 'जातो' म्हणजे इज किंवा आर. इंग्रजीत फक्त क्रम उलटा : इज आधी, कट नंतर. मुलांच्या तोंडात ही रचना आधीपासून आहे, हे त्यांना इथे दिसतं. हा तास घाईने उरकू नका.

दुसऱ्या तासिकेला बाराच क्रियापदं : कट, कॅरी, क्रश, पोअर, बॉइल, स्टर, ॲड, रिमूव्ह, कूल, मोल्ड, पॅक, सेल. यात वेगळं तिसरं रूप फक्त कट आणि सेल यांचं, बाकी सगळी शेवटी ईडी लागणारी. यादी वाढवलीत की मुलं रूपं पाठ करण्यात अडकतात आणि रचना हातची जाते.

तिसरी तासिका भेटीची. हंगाम चालू असतानाच जा. चार-चारचे दहा गट, एका वेळी दोनच गट आत. चुलवाण आणि काहिलीपासून अंतर राखायला मोठं माणूस उभं हवं. प्रत्येक गटाने गुळव्यांना (गूळ शिजवणाऱ्या कारागिरांना) विचारायचे पाच प्रश्न मराठीत लिहून न्यायचे आणि उत्तरं आहेत त्याच शब्दांत उतरवायची.

चौथ्याला प्रत्येकाने आपापल्या वहीत आठ वाक्यं लिहायची. पाचव्याला गटाने त्यातून दहा वाक्यं निवडून पट्ट्यांवर लिहायची, पट्ट्या पिसून शेजारच्या गटाला द्यायच्या. त्यांना क्रम लावता आला नाही तर वाक्य कुठेतरी फसलेलं आहे, ते परत येतं. सहाव्याला गुऱ्हाळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक पानी इंग्रजी माहितीपत्रक.

जवळ गुऱ्हाळ नसलेल्यांनी शाळेतली पोषण आहाराची खिचडी घ्यावी, तीच रीत चालते.

रचनाप्रेमी
वरची आखणी पक्की आहे. चुका कुठे होतील तेवढं सांगतो.

'द ज्यूस इज बॉइल' : ईडी गळते, कारण बोलताना शेवटचा 'ड' ऐकूच येत नाही. पट्टी मोठ्याने वाचून घ्या, 'बॉइल्ड' पूर्ण उच्चारून.

'द ज्यूस इज बॉइलिंग' : हे इंग्रजी म्हणून बरोबर आहे, लाल रेघ मारू नका. 'रस उकळतोय की उकळला जातो?' एवढंच विचारा.

सगळ्यात चिवट चूक 'ने'ची. 'गुळव्याने पाक ढवळला' यात 'ने' दिसला की मुलं बाय लावतात. मराठीत भूतकाळात सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला बहुधा 'ने' लागतो, तेवढ्याने वाक्य पॅसिव्ह होत नाही. खूण 'ढवळला गेला'मधल्या 'गेला'ची, 'ने'ची नाही. ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून ठेवा, पुसू नका.

आणि दहाच्या दहा वाक्यं पॅसिव्ह करायला लावू नका. पाक तयार झाला का हे गुळव्या ठरवतो, तिथे माणूसच महत्त्वाचा : 'द गुळव्या चेक्स द सिरप'. दर पत्रकात अशी दोन वाक्यं सक्तीची ठेवा. कुठे कोणती रचना हे मुलांनी ठरवलं, तरच व्याकरण कळलं म्हणायचं.

खडूफळा
'ने'चा मुद्दा नेमका आमच्याच वर्गाचा आहे. गुणांचं कसं करावं? आणि मोबाइलवरून भाषांतर उतरवून आणलं तर?

ऊसपट्टा
आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाचा रकाना आहेच. 20 पैकी 12 वैयक्तिक वहीला, 5 गटाच्या पत्रकाला, 3 तोंडीला. तोंडीत एक पट्टी दाखवायची, पुढची पायरी मुलाने इंग्रजीत सांगायची. सजावटीला शून्य, आणि हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर गटातलं सुंदर अक्षरवालं मूल लिहितं, बाकीचे कडा रंगवत बसतात. मोबाइलवर उपाय एकच : पहिला मसुदा वर्गात, पेनने, आणि वही शाळेतच ठेवायची.

मध्येच शिकवायचं की नाही, हाही प्रश्न पडेल. तीच चूक दहाहून जास्त वह्यांत दिसली तर दहा मिनिटं फळ्यावर घ्या. कमी असेल तर त्या त्या मुलाशी बोला.

खडूफळा
यातच रिपोर्टेड स्पीच जोडू का? गुळव्यांची उत्तरं हाताशी असतीलच.

रचनाप्रेमी
यात नको, दोन रचना एकत्र आल्या की दोन्ही कच्च्या राहतात. पण उत्तरांचे कागद जपून ठेवा, महिन्याने तेच काढा. मराठीत 'ते म्हणाले की मी पहाटे चूल पेटवतो' असं 'मी' आणि वर्तमानकाळ तसाच राहतो, म्हणून मुलं 'ही सेड दॅट आय लाइट' लिहितात. त्या वेळी 'मी' कोण, असं विचारून 'मी'ला गोल करायला लावा आणि गोलातून रेघ 'ते'कडे ओढायला सांगा. काळाकडे त्यानंतर वळा.