चहाचा चमचा नेमका कुठला? (आणि तो चहात जातो तरी का?)

अर्धाकप (धागाकर्ता)

मंडळी, विषय गंभीर आहे. हसू नका.

आमच्या घरात आईच्या रुखवतातले सहा चमचे होते. दांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी आडनाव घातलेले. सहाचे चार झाले, चाराचे दोन. गेल्या आठवड्यात एकच उरल्याचं लक्षात आलं, आणि तोही साखरेच्या डब्यात कायम मुक्कामाला असतो म्हणून वाचला. तेव्हा तुळशीबागेत गेलो. दुकानदाराला म्हटलं, चमचे दाखवा. "कसले?" म्हटलं, चहाचे. त्याने टी स्पून, बेबी स्पून, डेझर्ट स्पून आणि लस्सीवाल्यांकडे असतो तसला एक लांबुडका, असे चार पुढ्यात मांडले आणि विचारलं, "चहात काय करता तुम्ही चमच्याने?"

मी निरुत्तर. आमच्याकडे साखर आधणातच पडते. आलं, पावडर, दूध, सगळं उकळून, गाळून कपात येतं. मग ढवळायचं काय? कुठल्या अमृततुल्यवाल्याने तुम्हाला आजवर चमचा दिलाय?

रिकाम्या हाताने घरी आलो आणि चहाचा चमचा दिवसभर करतो काय, ते बघत बसलो. सकाळी हिंगाच्या डबीचं झाकण उचकटतो. आल्याची साल काढतो (सुरीपेक्षा चांगली, आलंही वाया जात नाही). विरजण लावतो. पोहे भरवतो. रात्री तळाला गेलेला च्यवनप्राश खरवडतो. चहात जातो तो फक्त कुणी बिनसाखरेचा मागून वर "अर्धा चमचा घाला हो" म्हणालं तरच.

म्हणून माझं मत असं, की चहाचा चमचा कपाकडे बघून घेऊच नये, डब्याकडे बघून घ्यावा. उभा ठेवला तर झाकण लागलं पाहिजे आणि आडवा पडला तर साखरेत बुडता कामा नये. एवढं जमलं की बाकी सगळी नक्षी. आणि डब्यातला चमचा डब्याबाहेर नेणाऱ्याला घरात थारा नाही. ओला करून परत ठेवणाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

मतं मांडा. हलकं घ्या, पण फार हलकं नको.

---

मापात_पाप

धाग्याचा पायाच चुकला आहे. चहाचा चमचा ही वस्तू नाही, ते माप आहे. 5 मिलिलिटर. तीन चहाचे चमचे म्हणजे एक टेबलस्पून, 15 मिलिलिटर. तुम्ही डब्याची उंची मोजून चमचा घेणार आणि मग पाककृतीच्या धाग्यावर येऊन "तुमच्या प्रमाणाने केक बसला" म्हणून रडणार. एक चमचा सोडा म्हणजे कुठला चमचा? हिंग उचकटायचा, की पोहे खायचा?

आमच्याकडे मापाच्या चमच्यांचा जुडगा खिळ्याला टांगलेला असतो. कुणी त्याने पोहे खात नाही. खाऊन दाखवा.

---

फुर्र

चहा घेऊन बसलो आहे. बशीत. तुमचं चालू द्या.

---

आजीचा_डबा

मापात_पाप, माझ्या सासूबाईंनी आयुष्यात एकदाही मिलिलिटर उच्चारला नाही, आणि त्यांच्या हातची आमटी दोनदा वेगळी झाली नाही. चिमूट, बोटाच्या पेराएवढा गोळा, अंदाजाने, चवीपुरतं, ही मापं नव्हेत का? आपल्याकडे मापांची गरिबी कधीच नव्हती. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सगळं दुपटीत. मापटं हरवलं तर चिपटं दोनदा घाला, अडलं कुणाचं?

यात चमचा कुठे बसतो ते सांगा. नाहीच बसत. चमचा पाहुणा आहे, पाहुण्यासारखा ठेवावा.

---

मापात_पाप

काकू, चमच्यालाही तीच मुभा आहे. पाव, अर्धा, एक. फक्त तुमची चिमूट आणि माझी चिमूट सारखी नाही, आणि बेकिंग सोडा सासूबाईंना ओळखत नाही.

---

आजीचा_डबा

आमच्या सासूबाईसुद्धा त्याला ओळखत नव्हत्या. काही बिघडलं नाही.

---

गोळ्याऔषधं

दोन्ही पक्षांना दंड केला पाहिजे. मी दवाखान्यात बसते, त्यामुळे चमचा या विषयावर मला विनोद सुचत नाही.

"दिवसातून तीनदा एक चमचा" हे वाक्य आम्ही उच्चारतो आणि घरी गेल्यावर त्याचे दहा अर्थ होतात. घरातले चमचे एका मापाचे नसतात. वर तुम्ही सगळे चहाचा, बेबी आणि पोह्यांचा एकाच खणात कोंबता. बाळाच्या औषधाला बाटलीसोबत आलेलं टोपण किंवा ड्रॉपर वापरा. तो फेकून देऊन रुखवतातला चमचा शोधू नका.

दुसरं, जुलाब झाल्यावर घरी करायचं साखर-मिठाचं पाणी. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चहाचा चमचा मीठ. सगळं सपाट. मीठ वाढलं तर त्या पाण्याने उपायाऐवजी अपाय होतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत तो गंभीर असतो. दुकानात ओआरएसची पुडी मिळत असेल तर सरळ ती आणा.

आणि मीठ अख्ख्या दिवसाचं धरून 5 ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट चहाचा चमचासुद्धा पूर्ण भरत नाही. लोणचं, पापड, फरसाण त्यातच आलं. आता बोला.

---

फुर्र

पापड खाली ठेवला.

---

पंचगंगेकाठचा

डॉक्टरताई, तुमचं औषधाचं शंभर टक्के पटलं. पण बाकीच्या आयुष्यात सपाट चमचा? काय राव! आमच्याकडं सपाट चमचा म्हणजे रिकामा चमचा. साखर शीग लावूनच पडते. वरून बोट फिरवून शीग पाडणारा माणूस पाहुण्यांत बसवायच्या लायकीचा न्हाई. मापटं भरताना धान्य शिगोशीग वतत्यात, वरनं घरंगळंल तेवढं घेणाऱ्याचं. चमच्यालाच का वेगळा न्याय?

---

मापात_पाप

कारण शिगेचा चमचा सपाट चमच्याच्या दीडपट होतो, दुप्पटसुद्धा होतो. तुमच्याकडे "एक चमचा साखर" घेणारे लोक खरं म्हणजे दोन घेतात आणि डॉक्टरांना एक सांगतात.

---

पंचगंगेकाठचा

डॉक्टरांना कोण खरं सांगतंय?

---

गोळ्याऔषधं

वाचते आहे मी.

---

शुद्धबुद्ध

मूळ मुद्द्याला कुणी हातच घातलेला नाही. "चमचा" कशाला? फारसीतून आलेला शब्द, आणि अंगाला चिकटलेला दुसरा अर्थ बघा: चमचेगिरी. आपली पळी काय वाईट आहे? पळी-पंचपात्र घराघरांत आहे. आणि मापाचंच म्हणाल तर आचमनाचं पाणी किती, तर उडदाचा दाणा बुडेल इतकं. मिलिलिटरवाल्यांनी याहून नेमकं माप दाखवावं.

---

खारीबिस्किट

शुद्धबुद्ध, पळीने फोडणी वाढतात हो. चहाला पळी लावली तर चहा कुठे राहील? आणि कुठला उडीद, अख्खा की सालाचा? डाळ असेल तर अर्ध्या पाण्यात बुडेल.

अवांतर: इराण्याच्या हॉटेलात चमचा टेबलावर येतो तरी. आम्ही त्याने चहा ढवळत नाही, कपात पडलेली खारी वर काढतो. धागाकर्त्याच्या यादीत हे राहिलं आहे. चमच्याचं याहून मोठं मानवतावादी काम मला माहीत नाही.

---

उष्टावण

आमच्याकडे मुलीच्या उष्टावणाला मामाकडून चांदीचा चमचा आला. नवऱ्याला हौस, म्हणाला याच चमच्याने चहा पिऊ. उकळत्या चहात घातला, ढवळला, आणि दांडा धरलेला हात झटकून चमचा थेट गॅलरीत. चांदी उष्णता वाहून नेते ती स्टीलच्या पंचवीस पटींहून जास्त. स्टीलचा चमचा गरम चहात ठेवला तरी दांडा बराच वेळ हातात धरवतो, तो स्टीलच्या या मठ्ठपणामुळेच. चहापेक्षा किटली गरम म्हणतात, आमच्याकडे चमचा गरम.

तेव्हा हौस मऊ भाताला ठेवा. चहाला स्टीलच बरं.

---

मापात_पाप

आणि स्टील घेताना 304 ग्रेडचं मागा, स्वस्तातलं 202 गळ्यात मारतील. लोहचुंबक चिकटतं का बघणारे असतात, पण त्यावर विसंबू नका. 202 लासुद्धा ते सहसा चिकटत नाही.

---

संत्रानगरी

गॅलियम नावाचा धातू आहे बे, 29.76 अंशाला वितळतो. त्याचा चमचा करून लोक पाहुण्यांना देतात, चहात घातला का चमचा गायब. आमच्या इकडे मे महिन्यात तो खणातच वितळून राहील. चहापर्यंत पोचणारच नाही.

---

बाराच्या_दिशेने

ढवळण्यावर कुणीच बोललेलं नाही म्हणून लिहितो. इंग्रजी शिष्टाचारवाल्यांचं म्हणणं असं, की चमचा गोल फिरवायचा नाही. घड्याळात सहा वाजतात तिथून बाराकडे, पुढेमागे, कपाला न लागता न्यायचा, मग बशीत मागच्या बाजूला ठेवायचा. कपात चमचा ठेवून पिणं म्हणजे त्यांच्याकडे धोतर वर खोचून सभेत जाणं.

मी महिनाभर तसं करून पाहिलं. साखर विरघळते, पण मजा विरघळत नाही. किणकिण झाली नाही तर आतल्या खोलीतल्या माणसाला चहा झाल्याचं कळणार कसं?

शिवाय गोल ढवळण्याला थेट आइन्स्टाइनचा आधार आहे. चहा गोल ढवळून थांबा. गाळण्यातून निसटलेली पावडर कडेला जायला हवी, पण ती तळाशी मधोमध गोळा होते. तळाला घासून पाण्याचा वेग कमी होतो, म्हणून तळाशी पाणी कडेकडून मध्याकडे येतं आणि पावडरीला सोबत आणतं. त्याने 1926 साली नद्या वळणं का घेतात यावर लेख लिहिला, त्यात हाच कप दिला आहे. नदीच्या वळणावर बाहेरचा काठ खचतो आणि आतल्या बाजूला वाळू साठते, त्यामागेही तेच कारण. पुढेमागे ढवळणाऱ्यांना हे कधी दिसलंच नसतं.

---

आजीचा_डबा

पावडर कपात येते याचा अर्थ गाळणं फाटलंय. आइन्स्टाइनच्या घरी नवीन गाळणं द्या कुणीतरी.

---

फुर्र

बशीत ओतला की सगळी पावडर कपातच राहते. आइन्स्टाइनही नको, गाळणंही नको. पण मला कोण विचारतो.

---

यारा_किनारी

मेलबर्नहून लिहिते आहे. एका वाक्यात वाद मिटवता येणार नाही, पण अर्धाकप यांच्या सहा चमच्यांचं काय झालं ते सांगते.

आमच्या इथल्या बर्नेट इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी ऑफिसातले चहाचे चमचे जातात कुठे याचा रीतसर अभ्यास केला. 70 चमच्यांवर गुपचूप क्रमांक घातले, ते चहाच्या खोल्यांत ठेवले आणि पाच महिने मोजत राहिले. 56 गायब. म्हणजे 80 टक्के. चमच्यांचा अर्धायुकाल निघाला 81 दिवस, किरणोत्सारी पदार्थांचा काढतात तसा. सगळ्यांच्या सामाईक खोलीत तो 42 दिवसांवर आला, ठरावीक गटाच्या खोलीत 77. खोलीत 70 चमचे टिकवायचे तर वर्षाला 250 आणावे लागतील, असा हिशोब मांडला. 2005 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात तो छापूनही आला.

एक लक्षात घ्या. चमचा महाग असो वा स्वस्त, गळतीत फरक पडला नाही. तेव्हा 304 आणि 202 वर वेळ घालवू नका. आणि मापात_पाप, इथे ऑस्ट्रेलियात टेबलस्पून 20 मिलिलिटरचा असतो, चार चहाच्या चमच्यांचा. मराठी पाककृती इथले चमचे घेऊन केली की तिखट चढतं ते त्यामुळे.

---

मापात_पाप

हे 20 चं माहीत होतं. मुद्दाम लिहिलं नव्हतं.

---

आजीचा_डबा

नक्कीच.

---

पंचगंगेकाठचा

81 दिवस लई झाले. आमच्या हापिसात सोमवारचा चमचा बुधवार बघत न्हाई. पण त्यांनी चोर पकडला का?

---

यारा_किनारी

नाही. ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात कधी ना कधी चमचा ढापल्याचं कबूल केलं, एवढंच.

---

खारीबिस्किट

आपल्याकडे चोर नसतो, खरकट्याचा डबा असतो. पोह्यांच्या ताटलीतला कढीपत्ता, मिरचीची देठं आणि चमचा, तिघं एकत्र जातात. अर्धाकप, तुमच्या चमच्यांवर आडनाव आहे ना? मग ओला कचरा उचलणाऱ्या ताईंना विचारा. त्यांना तुमचं आडनाव पाठ असेल.

---

अर्धाकप (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. शुद्धबुद्ध यांचेही.

काल डॉक्टरताईंच्या सांगण्यावरून औषधाच्या टोपणाने घरातले चमचे मोजले. साखरेच्या डब्यातला जुना चमचा सपाट भरून साधारण साडेतीन मिलिलिटरच निघाला. म्हणजे चाळीस वर्षं आम्ही "दोन चमचे" म्हणून दीडच साखर खात होतो. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणूनच शीग लावते." पंचगंगेकाठच्या पाहुण्यांनी नोंद घ्यावी.

मग परत तुळशीबागेत गेलो. डब्याची उंची सुतळीने मोजून नेली होती. दुकानदाराने सुतळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता एक डझन टी स्पून बांधून दिले. त्यातला एक साखरेच्या डब्यात ठेवला. उभा राहतो, झाकण लागतं, आडवा पडला तर दांडा वर राहतो. माझा सिद्धांत सिद्ध झाला असं समजून चहा घ्यायला बसलो.

संध्याकाळी डबा उघडला तर आत परत जुना. आईने नवीन काढून ठेवला. म्हणे त्याने हाताला किती पडली ते कळत नाही.

---

आजीचा_डबा

बाई शहाणी आहे. माझा नमस्कार सांगा.

---

यारा_किनारी

अर्धाकप, ते नवीन डझन मोजून ठेवा. आजची तारीख घालून.

---

अर्धाकप (धागाकर्ता)

आत्ताच मोजले. डब्यातून काढलेला धरून अकरा आहेत.