आर्थिक बातम्यांवरून इंग्रजी शब्द पक्के कसे करावेत?

कल्याणकर_बीकॉम:
मराठी माध्यमातून बीकॉम झालंय, आता बँकांच्या मुलाखतींची तयारी चालू आहे. इंग्रजी पेपरातले शब्द वहीत उतरवतो, पण आठवड्याने तीच बातमी वाचली तरी अडतं. 'अकोमोडेटिव्ह स्टान्स'चा अर्थ डिक्शनरीत 'सामावून घेणारा' असा मिळाला. त्यातून काय समजायचं? कल्याण ते सीएसएमटी लोकलमध्ये तासभर हाताशी असतो.

फोर्टचा_वाचक:
शब्दांची वही बाजूला ठेवा आणि एकच घटना धरा. ६ जून २०२५ चं रिझर्व्ह बँकेचं पतधोरण घ्या. कल्याण ते ठाणे त्याची मराठी बातमी, ठाणे ते दादर रिझर्व्ह बँकेच्या साइटवरचं गव्हर्नरांचं इंग्रजी निवेदन, आणि दादरनंतर मोबाइल खिशात टाकून तीच बातमी मनातल्या मनात इंग्रजीत सांगायची.

त्यात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६ वरून ५.५० टक्क्यांवर आणला. मराठीत 'अर्धा टक्का कपात', इंग्रजीत 'फिफ्टी बेसिस पॉइंट्स'. १०० बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्का, हे सगळ्यांना जमतं. घोळ होतो तो 'बाय' आणि 'टू' मध्ये. 'कट बाय ५० बेसिस पॉइंट्स' म्हणजे अर्ध्या टक्क्याने, 'कट टू ५.५० पर्सेंट' म्हणजे साडेपाच टक्क्यांवर. आपल्या 'ने' आणि 'वर'चाच फरक, पण चुकला की आकडा बदलतो. 'रेपो अर्धा पर्सेंटने घटला' हेही इंग्रजीत टाळा, कारण काटेकोर अर्थाने ६ चे ५.९७ होतील. तिथे 'परसेंटेज पॉइंट' म्हणायचं.

'स्टान्स' म्हणजे पुढचा कल. एप्रिलमध्ये तो 'अकोमोडेटिव्ह' केला, म्हणजे अनपेक्षित काही घडलं नाही तर दर आहे तिथे राहील किंवा उतरेल. जूनमध्ये कपात मोठी केली आणि कल मात्र 'न्यूट्रल' केला, म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या. 'कट' एवढंच वाचणारा इथेच फसतो. त्याच निवेदनात सीआरआर, म्हणजे बँकांनी ठेवींपैकी रिझर्व्ह बँकेकडे राखून ठेवायचा हिस्सा, चार 'ट्रांचेस'मध्ये उतरवायचं ठरलं. ट्रांच म्हणजे हप्ता: ६ सप्टेंबर, ४ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि २९ नोव्हेंबर, दर वेळी पाव टक्का, ४ वरून ३ वर. तारखांसकट वाचलेला शब्द विसरत नाही.

आकडेमोड_दादर:
महागाईच्या बातमीत 'डिसइन्फ्लेशन' आणि 'डिफ्लेशन' एक समजू नका. एप्रिल २०२५ मध्ये किरकोळ महागाई ३.१६ टक्के होती, मे मध्ये २.८२. हे डिसइन्फ्लेशन. भाव उतरले नाहीत, चढण्याचा वेग उतरला: वर्षापूर्वी १०० रुपयांत भरलेल्या पिशवीला १०२ रुपये ८२ पैसे लागले. जूनमध्ये खाद्यपदार्थांची महागाई उणे १.०६ झाली, म्हणजे नुसत्या खाद्यपदार्थांची पिशवी खरोखर वर्षापूर्वीपेक्षा स्वस्त झाली. खाद्यपदार्थांपुरतं हे डिफ्लेशन. सोबत 'इयर ऑन इयर' (वर्षापूर्वीच्या तुलनेत) आहे की 'मंथ ऑन मंथ' (मागच्या महिन्याच्या तुलनेत), हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कल्याणकर_बीकॉम:
फार उपयोग झाला, दोघांचेही आभार. 'यील्ड्स हार्डन' म्हणजे रोखे महागले का?

फोर्टचा_वाचक:
उलट. १०० रुपयांचा रोखा वर्षाला ७ रुपये व्याज देतो. बाजारात तो ९८ ला आला, तर घेणाऱ्याला ७ भागिले ९८, म्हणजे ७.१४ टक्के पडतात. हा परतावा म्हणजे यील्ड. भाव उतरला, यील्ड चढलं, म्हणजे 'हार्डन' झालं. 'सॉफ्टन' याच्या उलट. १०४ चा भाव धरून हे गणित स्वतः करून बघा.

आकडेमोड_दादर:
मुलाखतीसाठी दोन गोष्टी. ६.२५ चा उच्चार 'सिक्स पॉइंट टू फाइव्ह', 'पॉइंट ट्वेंटी फाइव्ह' नव्हे. आणि १० लाख म्हणजे मिलियन, १०० कोटी म्हणजे बिलियन, १ लाख कोटी म्हणजे ट्रिलियन. सीआरआर कपातीने मोकळे होणारे अडीच लाख कोटी रुपये परदेशी बातमीत 'टू पॉइंट फाइव्ह ट्रिलियन रुपीज' म्हणून दिसतात. तिथे 'बिलियन' म्हणालात तर रक्कम थेट हजार पटीने कमी होते.